मौजेचा चिखल

हिवाळा आमच्या घरी आईच्या डोक्यावरून यायचा. साखर कारखान्याचा भोंगा वाजायला लागला, शिवारात उसाच्या तोडी सुरू झाल्या की आई पहाटेच नदीकडच्या मळ्यांत जायची. तोडलेल्या उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, गोळा करून भारा बांधायची, तो डोक्यावर घेऊन माळ चढायची, पलीकडं उतरायची आणि हमरस्त्याच्या कडेला गवळ्यांचे गोठे होते तिथं म्हशींपुढं टाकायची. मग गोठ्यातल्या शेणाची पाटी डोक्यावर घेऊन परत खाली. वडील मी लहान असतानाच गेलेले. जमीन नव्हती. होतं ते आईचं डोकं, आणि त्या डोक्यावर मावेल तेवढं घर.

आमची वस्ती गावाबाहेर, माळाच्या तोंडाशी. का, ते सांगायला नको. आमच्या भागात घर कुठं आहे एवढं सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. गावाच्या वाट्याला नदीकाठची काळी जमीन आली, आमच्या वाट्याला माळ. त्या माळावर झाड म्हणून नाही. वरच्या अंगाला मुरूम, मधल्या खोलगट भागात चिकणमाती, आणि सगळीकडं गुडघ्याएवढं कुसळी गवत. उन्हाळ्यात तो माळ म्हणजे वाळवंटच, फक्त वाळू नाही एवढंच. पण ऐन थंडीत अवकाळी पाऊस झाला की त्याच माळाचा असा चिखल व्हायचा की जनावरसुद्धा पाय टाकायला दोनदा विचार करायचं.

परवा तसाच पाऊस झाला. डिसेंबरात, ध्यानीमनी नसताना. सकाळी दार उघडलं तर गुऱ्हाळाचा गोडसर धूर जमिनीलगत तरंगत होता आणि त्यात ओल्या मातीचा वास मिसळला होता. बाकीच्यांना ह्या वासानं काय आठवत असेल ते असो. मला अपराधी वाटतं. गेली कित्येक वर्षं वाटतं. आणि वाटत असतानाच माझे पाय माळाकडं वळलेले असतात.

कारण मी मौजेखातर चालते. हे वाक्य लिहायला सोपं आहे, आमच्या घरात बोलायला फार अवघड होतं.

त्याचं मूळ आमच्या आज्ज्यात आहे. आज्ज्याच्या तरुणपणी आमच्या माणसांची चाल गावाच्या मालकीची होती. कुणाच्या मयताचा सांगावा पाहुण्यांच्या गावी पोचवायचा, पाटलाचा निरोप तालुक्याला न्यायचा, साहेब आला की त्याच्या पुढं पळायचं. अंधार असो, पूर असो. पोचल्यावर उंबऱ्याबाहेर उभं राहून भाकरीची वाट बघायची. पुढं आमच्या माणसांनी धम्म घेतला, त्या वर्षी आज्ज्यानं गावकीची काठी चावडीच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. घरी येऊन म्हणाला, “हितनं म्होरं कुणी सांगिटलं म्हणून ह्या घरातलं कुणी चालायचं न्हाय. चालायचं ते आपल्या कामाला.”

आई ह्या घरात सून म्हणून आली आणि तिनं तो नियम सासऱ्यापेक्षा कडक पाळला. वर स्वतःचं एक कलम जोडलं. जाताना हात रिकामे असले तर असू देत, येताना रिकामे असता कामा नयेत. शाळेतून येताना मी चार काटक्या तरी आणायची. शेणी लावायला शेण, शेजारच्या म्हशीवाल्या आक्काला द्यायला मूठभर गवत, काही नाहीच मिळालं तर एखादा सपाट दगड, चुलीपुढं बसायला बरा. वस्तीतली पोरं चिंचेखाली खेळत असायची, मी वाकून काहीतरी वेचत असायची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. चालणं म्हणजे हेच, असं मला वाटायचं. श्वास घ्यायला कारण लागत नाही पण चालायला लागतं, एवढं साधं.

मग मी कॉलेजात गेले. आमच्या घरातली पहिलीच. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. पास काढून एसटीनं कोल्हापूरला जायचं, दुपारच्या गाडीनं परत. वर्गात शुभांगी नावाची शहरातली मुलगी माझ्या शेजारी बसायची. गोरी, बडबडी, मनानं निर्मळ. थंडी पडायला लागल्यावर एक दिवस ती म्हणाली, “रविवारी भूगोलाचे सर भटकायला नेणार आहेत, येतेस?”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? भटकायला.”

“अगं पण काम काय हाय तिथं?”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “काम काय असणार? मजा!”

मला खरंच कळलं नाही. डबे भरायचे, पहाटे उठायचं, मैलोन्‌मैल चालायचं, आणि तिथं काही नाही? मला वाटलं, असेल काहीतरी, ही सांगत नाही. बघून तर येऊ म्हणून गेले.

पन्हाळ्याच्या अलीकडच्या डोंगरात गेलो होतो. धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसेना. गवतावर दव, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, ओढणीभर कुसळं टोचलेली. सगळे मोठ्यानं बोलत होते, कुणी गाणं म्हणत होतं. मी सवयीनं वाटेतल्या काटक्या वेचत चालले होते. वर पोचेपर्यंत ओढणीत बांधून चांगली मोळी झाली. चांगल्या वाळक्या, चुलीत सरसर पेटतील अशा. शुभांगीनं बघितलं आणि ओरडली, “अय्या! सर, हिनं शेकोटीची सोय केली बघा! किती हुशार आहे!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी काही बोलायच्या आत मोळी सुटली, तीन दगड मांडले गेले, चहा ठेवला गेला. मी हसत होते आणि आत जीव तुटत होता. उद्याची भाकरी जळत होती. चहा मात्र चांगला झाला होता, ते कबूल केलं पाहिजे. मी दोनदा घेतला.

घरी आले. आई भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “काय आणलंस?”

“काय न्हाय.”

“मग गेलतीस कशाला?”

ती रागावली नव्हती. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चुलीतल्या जाळाकडं बघत बसले. बी.ए.ला मी पुढं पुष्कळ प्रश्न सोडवले, त्या प्रश्नापुढं मात्र पेपर कोराच राहिला.

पण पायाला गोडी लागली होती. ते काय होतं ते आता सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. डोक्यावर काही नाही, काखेत काही नाही, पोचायची घाई नाही, आणि आपण चाललोय हे आपल्यालाच कळतंय. मला वाटायचं, आपण काहीतरी चोरतोय. कुणाचं, ते उमगायचं नाही.

त्याच हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला आणि सरांनी नेमका आमचाच माळ ठरवला. म्हणाले, पाऊस पडून गेल्यावर हवा स्वच्छ असते, तिथून पश्चिमेचे डोंगर छान दिसतात. आपला माळ कुणाला बघावासा वाटतो ह्याचं नवलच वाटलं, आणि थोडा अभिमानही.

त्या सकाळच्या चिखलाबद्दल मला लिहायचंय. चिकणमाती म्हणजे कसली, एका पावलात पायाला चिकटते, दुसऱ्या पावलात पहिलीवर दुसरी, दहा पावलांत पायांचे हत्तीपाय होतात. शहरातल्या पोरांचे पांढरे बूट बघता बघता दिसेनासे झाले. एकाचा बूट चिखलात राहिला आणि मोजा तसाच पुढं गेला. शुभांगी माझा हात धरून चालली होती, ती घसरली, मला घेऊन पडली, आम्ही दोघी कुल्ल्यांवर बसून उतारावरून हातभर खाली गेलो. आणि मी हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ह्या माळाच्या चिखलात मी लहानपणापासून होते, पण ह्या चिखलात हसायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. वझं असताना घसरलं तर मान मोडते. वझं नसताना घसरलं तर हसू येतं. चिखल तोच.

शेवटी मी चपला हातात घेतल्या. गार गाळ बोटांमधून वर येत होता. काय सुख होतं ते! कुणाला खोटं वाटेल, पण पदवीचा कागद हातात घेतल्यावरसुद्धा मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

आणि त्याच वेळी खालून एक हिरवा भारा चढत आला.

वाड्याचा भारा डोक्यावर असला की बाई दिसत नाही. लांब पाती चारी बाजूंनी तोंडावर लोंबतात. नुसता हिरवा ढीग आणि त्याखाली चिखलानं भरलेले दोन पाय. पण मला पाय पुरेसे होते. मी ओरडले, “आई!”

भारा थांबला. पात्यांच्या आतून आवाज आला, “कोन? तू व्हय? आन् ही येवढी मानसं कसली? कुणाचं मयत हाय?”

आईचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं इतकी माणसं एकदम माळानं चालत निघाली तर ती मयतालाच निघालेली असतात.

“मयत न्हाय गं. कॉलेजची हायत. फिराय आलोय.”

“फिराय?” भारा जरासा हलला. “हितं?”

“व्हय.”

“चिखलात?”

“व्हय.”

आतून फुसफुस हसल्याचा आवाज आला. “लई शिकल्याली मानसं बाबा!” आणि सरांकडं, म्हणजे तिला दिसत होते त्या सरांच्या बुटांकडं तोंड करून ती म्हणाली, “पावणं, जपून चाला. म्होरं गाळ लई हाय.”

मी पुढं झाले. म्हटलं, “दे माझ्याकडं, मी नेते रस्त्यापतोर.”

“ऱ्हाऊ दे. हितं उतरलं तर परत उचलायचं कसं चिखलात? जा तू. थांबल्यात ती.”

ती वर चढत गेली. तिच्यामागून आम्हीही त्याच वाटेनं चढत होतो, तोच चिखल तुडवत. ती पाय रोवत होती, आम्ही पाय घसरवत होतो. शुभांगीचा हात माझ्या हातात होता, तो तिनं घट्ट धरला. ती काही बोलली नाही आणि त्याबद्दल मी तिची अजून आभारी आहे. वर पोचल्यावर सरांनी हात लांब करून जोतिबाचा डोंगर दाखवला, पन्हाळा दाखवला. धुतल्यासारखे निळे. सगळ्यांनी आहा केलं. मीही केलं. सुंदरच होतं ते, नाही कसं म्हणू? आणि माझं लक्ष मात्र दुसऱ्या उतारावरून खाली जाणाऱ्या हिरव्या ठिपक्याकडं होतं.

त्या दिवसापासून माझ्या चालण्यात तो ठिपका आहे. मी कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं. तिला ओळख दिली, हाक मारली, भारा मागितला. तरीपण. काही अपराध करावे लागत नाहीत, नुसतं सुख झालं तरी पुरतं.

पदवी झाली. शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात मला नोकरी लागली. फौंड्रीची काळी भुकटी फायलींवर बसायची, ती फुंकून कामाला सुरुवात करायची. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी मी आईचा भारा बांधायचा दोर खुंटीवरून काढला आणि म्हशीवाल्या आक्काला देऊन टाकला. आईला म्हटलं, “आता तुझ्या डोक्यावर काय चढायचं न्हाय.”

ती म्हणाली, “मग म्या काय करू?”

“बस की निवांत.”

ती बसली. मला किती अभिमान होता त्या बसण्याचा! वस्तीत सांगत फिरत होते, आमच्या आईला आता काही काम नाही. दोन खोल्या विटांच्या बांधल्या, पुढं कट्टा केला, त्या कट्ट्यावर आई बसायची. माळाला पाठ करून, गावच्या रस्त्याकडं तोंड करून. पहिलं वर्ष बरं गेलं. मग ती जड झाली. रात्री तहान तहान करायला लागली. सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करायला लागली. वर्षं अशीच गेली आणि एक दिवस तिच्या पायाची जखम भरेना म्हणून तिला कोल्हापूरला डॉक्टरांकडं नेलं. साखर भरपूर निघाली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, गोळ्या आहेतच, पण ह्यांना चालवा. आत्ता डोळ्यांच्या पडद्याला इजा व्हायला सुरुवात आहे. असंच बसून राहिल्या तर नजर जाईल.

मग ते आईकडं वळले. तरुण होते, गोड बोलत होते. “मावशी, रोज सकाळी चालायचं.”

“कुठं?”

“कुठंही. मोकळ्या हवेत.”

“आन् काय आणायचं?”

“काही आणायचं नाही. नुसतं चालायचं.”

“नुसतं म्हंजे?” आईनं माझ्याकडं बघितलं, हा माणूस शुद्धीवर आहे ना, अशा नजरेनं. “आणायचं न्हाय तर जायाचं कशाला?”

आम्ही एसटीनं परत निघालो. घर जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, “त्यो चाल म्हणनार आन् म्या चालनार व्हय? मामांनी काठी टाकली ती ह्याच्यासाठी?”

मामा म्हणजे तिचा सासरा, माझा आज्जा. एका माणसानं ताठ मानेनं टाकलेली ती काठी इतक्या वर्षांनी फिरून आमच्याच दारात आडवी आली होती.

मी पुष्कळ प्रयत्न केले. हे दुकानातून आण, ते विहारात देऊन ये. दोन दिवसांत तिला कळलं. “मला खुळ्यात काढतीस व्हय गं? काल आणलेल्या मिठाचं काय लोणचं घालतीस?” मग मी रागावले. मग रडले. ती म्हणाली, “चाल चाल चाल! जलमभर चालले की म्या. आता बसवलंस तर बसू दे.”

बसवलं तर मीच होतं. मी तिचं वझं उतरवलं आणि त्याबरोबर तिचं चालणंही उतरवून ठेवलं. तिच्या शरीरात दोन्ही एकाच गाठीनं बांधलेली होती, हे मला दिसलं नाही. तसा दोष कुणाचाच नाही. पोरीनं आईचा भारा बंद करायचा नाही तर काय करायचं? पण रात्री तिला पाण्याचा तांब्या चाचपडताना बघितलं की असले युक्तिवाद उपयोगी पडत नाहीत.

आक्काही भर घालायची. एकदा मी आईला हाताला धरून पाणंदीपर्यंत नेलं, तर आक्का तिच्या कट्ट्यावरून ओरडली, “कुठं निगाला गं दोघी? काय हरवलंय काय?”

आई तिथंच वळली. “बघ. म्हनूनच नगं म्हनले. पोरगी साहेबीण झाली आन् आई खुळी झाली, म्हणतील.”

आणि ह्या सगळ्यात मी दर रविवारी माळावर जातच होते. हेही सांगितलं पाहिजे. तोवर शहरातून मोटारी घेऊन माणसं आमच्या माळावर यायला लागली होती. भारी बूट, टोप्या, कानात गाणी. गाडी रस्त्याला लावायची, माळावर चकरा मारायच्या, गाडीत बसून परत. मला त्यांचं हसू यायचं आणि मी त्यांच्यातलीच होते. आई कट्ट्यावर, मी माळावर. जिनं चालायला हवं ती बसलेली आणि जिला गरज नाही ती उंडारतेय. परत येताना मी मुद्दाम पाणंदीतल्या दोन काटक्या आणायची. घरात गॅस होता. आई त्या काटक्या घेऊन बाजूला रचून ठेवायची.

मग गेल्या वर्षीचा डिसेंबर. असाच दोन दिवस पाऊस, असाच रविवार. मी दाराशी चपला घालत होते. आई आतून म्हणाली, “चिखूल झालाय की गं. आज तरी नगं जाऊस.”

“चिखल झालाय म्हणूनच चाललेय.”

“म्हंजे?”

मी सहज बोलून गेले, “चिखलात लई मजा येते आई.”

तेव्हा ती बाहेर आली. चौकटीला धरून उभी राहिली. मला म्हणाली, “इतकी वर्सं बघतीया म्या. काय आणत न्हाईस. काटक्या आणतीस त्या मला फसवाय आणतीस. कुणी सांगत न्हाय तुला. पगार देत न्हाय कुणी. तरी जातीस. काय हाय गं तितं?”

कॉलेजातल्या रविवारी विचारलेला तोच प्रश्न. मी म्हटलं, “मला सांगता येत न्हाय.”

“थांब मग. बघतेच.”

तिनं जुनेर पिळून त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. मी म्हटलं, “अगं, आणायचं काय न्हाय.”

“ठावं हाय. नुसती असू दे. न्हायतर तोल जातो.”

आक्का तिच्या कट्ट्यावर होतीच. “आज कुठं?”

“माळाला,” आई म्हणाली.

“काय आणाय?”

“काय न्हाय. माजी मी चाललीया.” आणि पुढं निघाली.

रिकामी चुंबळ डोक्यावर घेऊन, हात किंचित वर, मान ताठ, अशी ती माझ्यापुढं चालत होती. वरच्या वळणाआधी गाळाचा पट्टा लागला. तिथं ती घसरली आणि फतकल मारून खाली बसली. मी धावत गेले तर ती चिखलात बसून दोन्ही हातांकडं बघत होती. “मढं बशिवलं तुज्या चिखलाचं!” म्हणाली, आणि हसायला लागली. तिचं ते हसणं मला ओळखीचं नव्हतं. फुसफुस नव्हे, खळखळून. मी उठवायला हात दिला तर तिनं मलाच खाली ओढलं. आम्ही दोघी बसून राहिलो. खालून कुणी बघितलं असतं तर खुळ्याच म्हटलं असतं, आणि बरोबर म्हटलं असतं.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. तिनं चुंबळ काढून ओल्या दगडावर ठेवली आणि तिच्यावर बसली. मग तिनं समोर बघितलं. बराच वेळ बघितलं. नजर अधू झालेली, पण मोठ्या वस्तू तिला अजून दिसत होत्या.

“त्यो कुठला डोंगर गं?”

मला वाटलं ती थट्टा करते. “जोतिबा की. शेजारी पन्हाळा. तुला ठावं न्हाय?”

“नावं ठावं हायत. पर हितनं दिसतंय हे ठावं न्हाय.”

“अगं, तू रोज चालत होतीस ह्या वाटेनं!”

“जाताना वाडं तोंडावर असायचं की, येताना डोक्यावर शेणाची पाटी. मान वर कुठं व्हायची? पायाफुडची हातभर वाट दिसली म्हंजे मिळवली.” तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं. नदीवर धुक्याची रेघ होती, कारखान्याच्या चिमणीतून धूर सरळ वर जात होता आणि मागं ते डोंगर. मग ती हळूच म्हणाली, “येवढं हुतं हितं, आन् मला कुणी सांगिटलं न्हाय.”

मी मान खाली घातली. कॉलेजात असताना मी ह्याच जागी उभी राहून आहा म्हटलं होतं. घरी जाऊन तिला चिखलाचं सांगितलं, शुभांगीचं सांगितलं, डोंगराचं सांगायचं सुचलंच नाही. मला वाटलं होतं, तिचाच माळ, तिला काय सांगायचं. मला वाटलं होतं, एकदा तिला इथवर आणलं की माझं मन हलकं होईल. तसं झालं नाही. उलट त्या निळ्या डोंगरांकडं बघणं मला अवघड झालं. तिच्या सगळ्या खेपा ह्या देखाव्याखालून गेल्या होत्या आणि तिला नुसता चिखल मिळाला होता.

आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. “मान खाली घालून काय बसलीस? तुज्या डोक्यावर वाडं हाय व्हय? वर बघ की!”

मी वर बघितलं. अपराधी वाटायचं थांबलं नाही, आजही थांबलेलं नाही. परवाच्या पावसानंतर गुऱ्हाळाचा वास आला तेव्हाही ते आलंच. पण अपराधी वाटत असतानाही वर बघता येतं, हे मी त्या सकाळी शिकले.

दुसऱ्या दिवशी मी कामाला जायच्या आधीच ती उठून बाहेर पडलेली होती. कुणाला न सांगता, कुणी न सांगता. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आक्कानं दोन आठवडे विचारलं, “काय आणलंस?” आई दर वेळी सांगायची, “काय न्हाय,” आणि सरळ आत यायची. मग आक्कानं विचारायचं सोडलं.

उन्हाळा लागायच्या आत आईची साखर खाली आली. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि सांगितलं, नजर राहील. आमच्या घरात मौजेखातर चालणारी माणसं आता दोन आहेत.